तनुजा खालच्या आवाजात बोलते

"बाप पण उशिराच बोलला होता" हे वाक्य ज्या कुणी पहिल्यांदा तोंडातून काढलं, तो माणूस मला एकदा भेटायला हवा आहे. मी कानांची तपासणी करते. गारखेड्यात खाली मेडिकल आणि वर आमचं सेंटर. आई-बाप पोराला घेऊन जिना चढतात, खुर्चीवर टेकतात आणि मी काही विचारायच्या आत हे वाक्य येतं. कधी बाप, कधी मामा, कधी आत्या. कुणीतरी उशिरा बोललेलं असतंच, आणि पुढे हुशारच निघालेलं असतं.

माझी चिडचिड होते ती उगीच नाही. मूल ऐकतं की नाही हे आता जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत कळतं. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी लावायची, मशीन बारीक आवाज सोडतं आणि कान ठीक असेल तर आतून प्रतिसाद येतो. बाळाला कळतही नाही. पण ही तपासणी अजून सगळीकडे होत नाही, आणि जिथं होत नाही तिथं घरची माणसं आपापली तपासणी करतात. ताट वाजवतात, टाळी वाजवतात, खुळखुळा हलवतात. पोर वळलं की झालं.

अप्पारावांचा आवाज जिन्यातून आधी आला, माणूस मागून. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, खांद्यावर फुलाफुलांच्या फ्रॉकमधली नात. मागे मुलगा अतुल, वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर, आणि सगळ्यांच्या मागे पिशवी सांभाळत सून तनुजा. नातीचं नाव राजनंदिनी. तिला तिसरं वर्ष कधीच लागलं होतं आणि तिच्या तोंडात एक शब्द नव्हता.

"मॅडम, पोरगी शंभर टक्के ऐकती," अप्पाराव म्हणाले. खालच्या मेडिकलवाल्यालाही ते कळलं असणार. "सूनबाईच्या मनाचं समाधान व्हावं म्हणून आणलं. आमच्या घराण्यात समदे उशिराच बोलतेत. हा अतुल चौथं सरता सरता बोलला. आज बघा, पन्नास माणूस हाताखाली हाय."

मी माझा चेहरा सरळ ठेवला. तो ठेवायची मला सवय आहे.

मग त्यांनी मला प्रात्यक्षिक दाखवलं. माणूस साधा नव्हता; सोयगावच्या बाजारात एका अडत्याकडं त्यांनी उभा जन्म हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारला होता. कापसाच्या ढिगाजवळ उभं राहून भाव पुकारायचा तर आवाजाला धार लागते, ती अजून होती. नातीला खाली उभं केलं, तिच्या मागे चार पावलं गेले आणि छाती भरून ओरडले, "राजनंदिनी!" बाहेरच्या बाकावरचे दोघं जण दारात येऊन उभे राहिले. नंदिनी माझ्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या हत्तीकडे बघत राहिली. अप्पाराव दोन पावलं पुढे सरकले, पाय आपटला, पुन्हा हाक मारली. या वेळी ती वळली आणि आजोबांना बघून गोड हसली.

"बघितलं?" ते म्हणाले.

मी बघितलं होतं. आमच्या सेंटरची जमीन लाकडी फळ्यांची आहे. पाय आपटला की तळव्यांना कळतं. घरी ताट आपटल्यावर पोर वळायचं ते असंच, आणि मागून येणाऱ्या माणसाची सावलीही असतेच की. मुकी-बहिरी पोरं डोळ्यांनी आणि पायांनी फार लौकर शहाणी होतात. मी हे सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तनुजा बोलली. भिंतीकडे बघत, ओठ जेमतेम हलवत, अगदी खालच्या आवाजात.

"खोटं आहे सगळं. आठ महिन्यांची होती तेव्हापासून सांगतेय मी. पण या म्हाताऱ्याला कोण सांगणार."

मी चमकले. सासरा हाताच्या अंतरावर, नवरा शेजारी. आता भांडण होणार म्हणून मी पेन खाली ठेवलं. पण अप्पाराव माझ्याकडेच बघून हसत होते, आणि अतुल मान थोडी वाकडी करून उजवा कान माझ्याकडे करून बसला होता. दोघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या घरात तपासायला हवी अशी एकटी नंदिनी नाही.

तिची तपासणी झोपेत करावी लागते. कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवायच्या, कानात आवाज सोडायचा आणि मेंदूकडून येणाऱ्या लहरी पडद्यावर बघायच्या. ऐकणाऱ्या मुलाच्या लहरींना चढउतार असतो. मी आवाज वाढवत गेले. मशीन देऊ शकतं तितका मोठा आवाज दिला. दोन्ही कानांची रेघ सपाट.

हे सांगायचं काम मी खूप वेळा केलं आहे आणि ते सोपं होत नाही. अतुल खाली बघत राहिला. अप्पाराव म्हणाले, "मशीन बिघडलं असंल." तनुजा रडली नाही. तिनं फक्त डोळे मिटले, आणि मला वाटलं, ही बाई दोन वर्षं एकटीनं रडून मोकळी झालेली आहे.

अप्पारावांनी नातीला आणखी एका ठिकाणी नेऊन तपासून आणलं. मला राग आला नाही. नातीवर जीव असलेला माणूस हेच करतो. तिथंही तीच रेघ निघाली.

पुढची वाट आता पूर्वीपेक्षा बरी आहे. अशा मुलांच्या कानात आत एक बारीक तार बसवण्याचं ऑपरेशन होतं, सरकारी योजनेतूनही होतं, आणि बाहेर कानामागे एक छोटं मशीन बसतं. आवाज थेट कानाच्या नसेपर्यंत पोहोचतो. पण त्यालाही वयाची अट असते, आणि ती अट सरकारनं हौसेनं घातलेली नसते. मेंदू बोलणं शिकतो ते पहिल्या काही वर्षांत. ते दिवस शांततेत गेले की पुढे आवाज मिळतो, पण त्याचा अर्थ लागायला जन्म जातो. लवकर आलेली पोरं मी शाळेत कविता म्हणताना बघितली आहेत. उशिरा आलेली पोरं हाक मारली की वळतात, चार-दोन शब्द बोलतात आणि बाकीचं हातानं सांगतात.

ऑपरेशनच्या आधी काही महिने साधं कानाचं मशीन लावून बघावं लागतं. त्यासाठी तनुजा नंदिनीला घेऊन एकटीच यायची. पडेगावला तिचं माहेर, वडील शाळामास्तर. घरात सगळे हळू बोलणारे. एकदा नंदिनी ठोकळे मांडत बसली होती तेव्हा तिनं मला सगळं सांगितलं.

"आठ महिन्यांची होती. ओट्याजवळ झोळीत झोपली होती आणि कुकरची शिट्टी उडाली, झाकणासकट. मी किंचाळले. शेजारच्या बाई धावत आल्या. ही झोपलेलीच. मला तेव्हाच कळलं."

"मग?"

"मग काय. मामांना, सासऱ्यांना, सांगितलं. म्हणाले, आमची झोप गाढ असते. वर्षाची झाली तेव्हा मी रिक्षा बोलावली, हिला कडेवर घेतलं, फाटकापर्यंत आले. मामा आले आणि माझ्या कडेवरून हिला काढून घेतलं. म्हणाले, माझ्या नातीला बहिरी म्हणू नको, वंगाळ बोललं की लागतं. हे स्कूटर काढत होते. म्हणाले, आबा म्हणतेत तर थांब की थोडं." तिनं एक ठोकळा उचलून नंदिनीच्या हातात दिला. "रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी परत आत गेले आणि भाजी निवडायला बसले."

"नंतर पुन्हा नाही सांगितलंस?"

"मोठ्यानं सांगितलं की तोंड वर करून बोलते म्हणायचे. एकदा रागानं खालच्या आवाजात बोलले, तर कुणालाच काही नाही. मला आधी वाटलं, मोठ्या मनाचे आहेत, सोडून दिलं. नंतर लक्षात आलं की यांना मोठा आवाज तेवढाच कळतो. घरात टीव्ही बघा, फोनवरचं बोलणं बघा, सगळी गल्ली ऐकते. तेव्हापासून मला जे बोलायचं ते मी रोज बोलते मॅडम. भाकरी थापते आणि बोलते. समोर पाटावर बसून जेवत असतात. एखाद्या दिवशी तर इतकं बोलते की माझं मलाच बरं वाटतं."

ती हसली. मला हसू आलं नाही.

मी अतुलचे कान तपासले. दोन्ही कानांत बऱ्यापैकी दोष होता आणि तो लहानपणापासूनचा दिसत होता. त्यानं आलेखाच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "शाळेत मला मागं बसवायचे. मास्तर म्हणायचे, याच्या डोक्यात काही शिरत नाही." एवढंच म्हणाला आणि कामाची वेळ झाली म्हणून उठला. अप्पारावांनी मात्र कानाला हात लावू दिला नाही. "माझ्या कानाला काय धाड भरलीय?" म्हणाले.

नंदिनीचं ऑपरेशन झालं. जखम भरल्यावर मशीन सुरू करायचा दिवस आला. लोकांना वाटतं, पोर आवाज ऐकून हसेल आणि आई म्हणेल. नंदिनी घाबरून किंचाळली आणि तिनं मशीन ओढून फेकलं. दुसऱ्या दिवशी फेकलं, आठवड्यानं फेकलं. घरी एकदा बादलीत टाकलं. कानामागचं ते चिकटलेलं गोल बटण तिला नको होतं. घरात दुसऱ्या कुणाच्या डोक्याला असलं काही नव्हतं. अतुल कंपनीतून अंधार पडल्यावर येणारा, त्याचं मशीन अजून यायचं होतं. मी तनुजाला म्हटलं, मशीन काढलं तर हातातला एक एक दिवस जाईल, आणि आपल्याकडे तेवढे दिवस नाहीत.

दोन दिवसांनी अप्पाराव एकटे आले. जिन्यात या वेळी आवाज नव्हता. खुर्चीवर बसून टोपी काढली आणि म्हणाले, "माझ्याबी कानात घाला, मॅडम. आबाच्या कानाला दिसलं की ती काढायची नाय."

"तपासल्याशिवाय घालता येत नाही."

"मग तपासा. पर मला ऐकू येतं."

काचेच्या खोलीत बसवून मी त्यांच्या हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. ते दाबत होते, अचूक दाबत होते. मग माझ्या लक्षात आलं की काचेतून ते माझ्या खांद्याकडे बघत आहेत. मी आवाज सोडला की खांदा हलतो. मी पाठ फिरवून बसले. मग बटण दाबलं जाईना.

आलेख त्यांच्यासमोर ठेवला. मुलाच्या आलेखासारखाच, त्याहून खाली गेलेला. मी विचारलं, "तुम्ही कधी बोलायला लागलात?"

"मी? माझी आई सांगायची, पाच वर्सांचा होईस्तोवर मुका व्हतो म्हणून." ते बोलता बोलता थांबले.

"मग हर्रास कसा केलात इतकी वर्षं?"

"पुकारायचं काम माझं. व्यापाऱ्याचा भाव रुमालाखाली यायचा, बोटानं. एक बोट धरलं, दोन धरली, काय ते समजायचं. कानाचं काम कुठं व्हतं तिथं?" त्यांनी स्वतःची बोटं बघितली. मग आलेखाकडं बघितलं, मग कोपऱ्यात ठेवलेल्या नंदिनीच्या ठोकळ्यांकडं. घराण्याचा जो गुण त्यांनी जन्मभर मिरवला तो काय होता, हे त्या माणसाला माझ्यासमोर कळत होतं. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी उगीच कीबोर्डवर काहीतरी केलं.

"येक इचारू?" ते म्हणाले. "सूनबाई म्हणत व्हती तवाच आणली असती, तर?"

इथं खोटं बोलता येतं. पुष्कळ जण बोलतात. म्हणतात, आता मागचं नका काढू, सगळं चांगलं होईल. माझ्या स्वभावाला ते जमत नाही आणि त्याचा मला नेहमी अभिमान वाटतो असंही नाही.

"दाणा भरायच्या दिवसांत पिकाला पाणी मिळालं नाही," मी म्हटलं, "आणि नंतर पाट सोडला, तर काय होतं?"

कापसाच्या बाजारात जन्म काढलेल्या माणसाला एवढं पुरतं. त्यांनी मान हलवली, टोपी घातली आणि ती नीट बसली की नाही हे दोनदा हातानं बघितलं.

त्यांचं मशीन बसवायला सगळे आले. अतुलनं रजा काढली होती. मी मशीन कानामागे बसवलं, कॉम्प्युटरवरून आवाज हळूहळू वाढवला. अप्पारावांनी आधी वर बघितलं. "पंखा येवढा आवाज करतो?" म्हणाले. मग माझ्या हातातल्या कागदाची सळसळ ऐकली, तनुजाच्या बांगड्या ऐकल्या, बाहेर रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी शिवी दिली ती ऐकून हसले. नंदिनी त्यांच्या मांडीवर उभी राहून ते मशीन बोटानं चाचपत होती, आणि तिचा स्वतःचा हात आपोआप तिच्या कानामागे गेला. तिनं ते काढलं नाही. मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

तनुजानं पर्समधून रुमाल काढला, नंदिनीचं नाक पुसलं आणि नेहमीप्रमाणे, खाली बघून, नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "आता घातलं. माझ्या पोरीची दोन वर्षं खाल्ली आणि आता दागिना घालून मिरवतोय म्हातारा."

अप्पारावांचं हसणं गेलं. नातीच्या पाठीवरून फिरणारा हात मध्येच राहिला. तनुजा रुमालाची घडी घालत होती. तिनं बघितलं नाही. अतुलला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. ऐकणारे आम्ही दोघंच होतो. मी अप्पारावांकडं बघितलं, आणि त्यांनी माझ्याकडं.

"कसं वाटतंय, मामा?" तनुजानं मोठ्या आवाजात विचारलं.

"काय उपेग नाय," ते म्हणाले. "नुसतं खरखरतंय. पंख्याबिंख्याचा आवाज येतो, बोलणं काय समजत नाय. राहू दे, पोरगी बघती म्हणून घालतो."

मला वाटलं, अपमान झाला म्हणून म्हणताहेत. म्हाताऱ्यांचा मान मोठा नाजूक असतो. चार दिवसांत डबीत घालून फडताळात ठेवतील, असं मी मनाशी म्हटलं.

पुढे तनुजा दर वेळी हेच सांगायची. मशीन नुसतं शोभेला आहे, मामांना काही फरक नाही, पण नंदिनी आता तिचं काढत नाही हे खरं. मी म्हटलं, एकदा त्यांना पाठव, मशीन तपासून देते. ते आले. मशीन कॉम्प्युटरला जोडलं की माणसानं ते किती वापरलं ते दिसतं. लोक म्हणतात रोज घालतो, आणि मशीन म्हणतं सणासुदीला. अप्पारावांचं उलट होतं. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मशीन कानात होतं, रोज. आणि आवाज कमी करायचं बटण त्यांनी एकदाही दाबलं नव्हतं. वाढवायचं दाबलं होतं, बहुतेक रोज, सकाळी आणि संध्याकाळी. भाकरीच्या वेळेला.

"अप्पाराव," मी म्हटलं, "तुम्हाला सगळं ऐकू येतंय."

त्यांनी पडद्यावरचे आकडे बघितले. मग दाराकडं बघून म्हणाले, "तिला सांगू नका, मॅडम."

"का बरं?"

"तिचं बोलून व्हायचंय अजून. मला येतंय असं कळलं त्या दिशी गप बसंल. सून हाय, मामाच्या तोंडावर कशी बोलंल? मग ते तिच्या पोटातच राहील."

"आणि तुम्ही रोज ऐकत बसणार?"

"कोणी तरी बोलाय पायजे ना मला," ते म्हणाले. "घरात माझ्यापेक्षा मोठं कोण नाय. अतुल बोलायचा नाय, गावात तर अजून रामराम घालतेत. येवढं वाटोळं केलं पोरीचं आन् कोण शब्दानं बोलत नाय. ती तेवढी बोलती. भाकरीसंगं मिळतंय ते खातो."

पेशंटचं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. मी तो पाळला. पण तनुजाही माझ्याच खुर्चीसमोर बसायची, आणि ती सासऱ्याबद्दल निर्धास्त होऊन जे बोलायची ते तो ऐकतोय हे मला माहीत असायचं. दोघांपैकी कुणाशी मी अन्याय करतेय ते मला ठरवता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

नंदिनीचं शिकणं सुरू होतं. ती हाकेला वळायला लागली होती. कुत्र्याचा आवाज, कुकरची शिट्टी, दाराची बेल तिला कळायची. शब्द येत नव्हते. "आ" यायचा आणि तिथंच अडायचा. तिच्याहून लहान, पण वेळेवर आलेला एक मुलगा बाहेरच्या बाकावर आईशी वाद घालायचा, की मला चिक्की आत्ताच पाहिजे. तनुजा ते ऐकत बसायची.

त्या दिवशी तो मुलगा नेहमीपेक्षा जास्त बोलत होता. आत माझ्यासमोर नंदिनी, एका बाजूला तनुजा, दुसऱ्या बाजूला अप्पाराव. आमचा खेळ चालू होता: ठोकळा गालाशी धरायचा, मी टेबलाखाली ढोलकं वाजवलं की तो डब्यात टाकायचा. नंदिनी मन लावून खेळत होती. बाहेरून त्या पोराचं बोलणं येत होतं, एकामागून एक वाक्यं, धबाधबा.

तनुजा खाली बघून बोलायला लागली. अप्पाराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून बसले. त्यांची ती बसण्याची तऱ्हा मला आता ओळखता येत होती.

"म्हाताऱ्याला काय बोलायचं," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षाही खाली होता. "त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं ना. आई मी होते. रिक्षा दारात होती. मीच फाटकातून माघारी फिरले आणि भाजी निवडत बसले. माझ्या पोरीचं तोंड मीच बंद केलं."

अप्पाराव कॅलेंडरकडून वळले.

"नाय, तनुजा," ते म्हणाले. "तू नव्हती फिरली. मी पोरगी घेतली तुझ्या कडेवरून. तू गच धरली व्हती तिला. मी वढून घेतली."

ते हे हळू बोलले. हर्रास पुकारणारा तो माणूस इतकं हळू बोलताना मी कधी ऐकला नव्हता. त्यालाही आता स्वतःचा आवाज ऐकू येत होता.

तनुजानं मान वर केली. आधी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, मग कानामागच्या मशीनकडं, मग माझ्याकडं. मी नजर चुकवली. भाकरीच्या वेळचं एकेक वाक्य तिला आठवत असणार.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"पयल्या दिसापासून," ते म्हणाले. "तू जे बोलली ते बरोबर व्हतं. समदं. आज बोलली ते तेवढं चूक हाय. ते नको बोलू."

तिनं काहीच उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. अतुल सांगत होता की आता घरात भाकरी थापताना नुसत्या भाकरीचाच आवाज येतो. त्याचंही मशीन आलं होतं. अप्पारावांना ज्याची भीती होती तेच झालं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं केलं. मला विचाराल तर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पण म्हणून मला त्याचं वाईट वाटायचं राहत नाही.

त्या दिवशी मात्र एवढं बोलून झाल्यावर खोलीत कुणीच बोलेना. तनुजा आपले हात बघत होती, अप्पाराव टोपी. बाहेरचा मुलगाही चिक्की मिळून गेला असावा. किती वेळ गेला कोण जाणे, मग मला नंदिनीची आठवण झाली. तिनं ठोकळा गालाशी धरलेला होता. मी ढोलकं वाजवायचंच विसरले होते. आम्हा तिघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत, जागचं न हलता, ती आवाजाची वाट बघत होती.